तळटीप आणि मूळ पान : शोधनिबंधासाठी ग्रंथालयाचा उपयोग

पदव्युत्तर वर्गातील शोधनिबंध तपासताना एक विधान हमखास भेटते. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर समकालीनांनी प्रखर टीका केली आणि त्यामुळे त्यांनी पुढे लेखन केले नाही, असे ते विधान होय. त्याखाली तळटीपही असते. तळटीपेतील ग्रंथ उघडावा तर तेथे हेच विधान आणि त्याला आणखी एका ग्रंथाचा आधार. त्या दुसऱ्या ग्रंथापर्यंत जाण्याचे कष्ट विद्यार्थ्याने घेतलेले नसतात, आणि खरे सांगायचे तर मार्गदर्शकानेही घेतलेले नसतात.

हे विधान खोटे आहे असे मला सुचवायचे नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. ज्याची बाजू घ्यावी लागते त्याच्यावर आक्षेप आलेले असतात, एवढे तर्काने म्हणता येते. परंतु टीका झाली, ती प्रखर होती, ती व्यापक होती आणि तिच्यामुळेच लेखिका मौन झाली, ही चार स्वतंत्र विधाने आहेत. चारही विधानांना एकच तळटीप पुरत नाही. पुस्तक १८८२ चे आणि 'सत्सार'चा अंक १८८५ चा. मधल्या तीन वर्षांत या पुस्तकाविषयी कोणी, कोठे, काय लिहिले? एवढाच प्रश्न विद्यार्थ्याने घेतला तरी एका शोधनिबंधाला तो पुरेसा आहे. 'एकोणिसाव्या शतकातील स्त्रीलेखन' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय घेऊन ग्रंथालयात गेलेला विद्यार्थी पुस्तकांच्या ढिगाखाली दबतो. प्रश्न घेऊन गेलेल्याला कोणते कपाट उघडायचे आणि कोणते नाही, हे तरी कळते.

आरंभ अर्थात उपलब्ध संपादित आवृत्त्यांपासून करावा. स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले. त्याआधी १९६९ मध्ये धनंजय कीर यांच्यासमवेत त्यांनी महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयाचे संपादन केले होते. फुल्यांच्या लेखनातील एका उल्लेखाकडून ताराबाईंच्या पुस्तकाकडे जाणारी वाट ज्याला दिसू शकते, असाच अभ्यासक पुढे त्या पुस्तकाचा संपादक व्हावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. विद्यार्थ्यांनी प्रस्तावना तिच्यातील मते उचलण्यासाठी वाचू नये. संपादकाने कोणती साधने पाहिली आणि कोणती त्याला मिळाली नाहीत, हे टिपण्यासाठी वाचावी.

त्यानंतर सूचिग्रंथ. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' (पहिल्या भागाचा आवाका १८०० ते १९३७) आणि दाते, काळे व बर्वे यांची नियतकालिकांची सूची ही आपल्या विषयातील मूलभूत साधने. महाविद्यालयीन ग्रंथालयात ती बहुधा संदर्भविभागाच्या बंद कपाटात असतात. किल्ली मागण्यास संकोचू नये. याखेरीज एक साधन आपल्याकडे फारसे वापरले जात नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार प्रत्येक इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची त्रैमासिक यादी सरकारी राजपत्राबरोबर प्रसिद्ध होत असे. ग्रंथनाम, लेखक, मुद्रणालय, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या, किंमत असा तपशील तीत असतो. पुस्तकाच्या स्वागताविषयी बोलण्यापूर्वी त्याच्या किती प्रती छापल्या होत्या हे ठाऊक नको का?

नियतकालिकांच्या फायलींपाशी खरी परीक्षा सुरू होते. 'इंदुप्रकाश', 'दीनबंधु', 'केसरी', 'पुणे वैभव' ही त्या काळातील पत्रे पाहावी लागतील. 'पुणे वैभव' तर विशेषच, कारण ताराबाईंच्या पुस्तकाच्या पार्श्वभूमीशीच त्याचे नाव निगडित आहे. सलग अंक एका ठिकाणी मिळतील अशी अपेक्षा धरू नये. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. म्हणजे १८८२ मधले जे काही अशा संस्थांत असेल ते मागाहून, देणगीने वा खरेदीने, जमलेले असणार; त्यात खंड असायचेच. जेथे मूळ अंक नाहीत तेथे देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक सरकारी अहवाल पुराभिलेखागारात पाहता येतात. मात्र तो इंग्रजी सारांश आहे आणि सरकारला जे दखलपात्र वाटले तेवढाच आहे, हे विसरून चालणार नाही.

येथे माझ्या प्रबंधाच्या वेळची एक चूक सांगतो. एका मासिकात विशिष्ट पुस्तकाची दखलच घेतली गेली नाही, असे मी वर्षभराचा बांधीव खंड चाळून ठामपणे लिहिले होते. त्या उपेक्षेची सामाजिक मीमांसा करणारी दोन पानेही लिहून झाली होती. पुढे दुसऱ्या एका संग्रहात त्याच वर्षाचे सुटे अंक हाती आले. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस 'पोच व अभिप्राय' होता आणि त्यात त्या पुस्तकावर सात ओळी होत्या. बांधणी करताना वेष्टने व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत होती, हे मला ठाऊक नव्हते. मीमांसेची दोन पाने फाडावी लागली. तेव्हापासून 'आढळले नाही' असे लिहिताना कोणत्या ग्रंथालयातील कोणता खंड पाहिला, त्यात कोणते अंक नव्हते, वेष्टने होती की नव्हती, हे मी त्याच वाक्याला जोडतो.

टिपणे घेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. जुन्या पुस्तकांवर व अंकांवर पुष्कळदा केवळ शकवर्ष असते. त्यात सरसकट ७८ मिळवणे धोक्याचे आहे. शके १८०४ मधील माघ १८८३ मध्ये येतो. तीन वर्षांच्या अवकाशाचा प्रश्न हाताळणाऱ्याला एका वर्षाची चूक परवडणारी नाही. दुसरे, उतारा जसाच्या तसा उतरवावा. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले म्हणून १८८२ च्या वाक्यातून ते आपण गाळू नयेत. अलीकडे संगणकावर जुन्या ग्रंथांची छायापाने उपलब्ध होऊ लागली आहेत, त्यामुळे प्रवासखर्च वाचतो, हे मोठेच साहाय्य आहे. परंतु यंत्राला शब्द सापडला नाही म्हणजे तो पानावर नाही असे होत नाही. अनुस्वारासह शोधून पाहावे, जोडशब्द तोडून पाहावा आणि शेवटी पाने डोळ्यांनीच चाळावीत.

आता समजा, एवढे करूनही 'सत्सार'पलीकडे विद्यार्थ्याच्या हाती काही लागले नाही. तेव्हा तो घाबरतो आणि पुन्हा त्या प्रचलित विधानाचा आश्रय घेतो. त्याऐवजी त्याने पाहिलेल्या फायलींची यादी, त्यांतील खंडित अंक आणि एकमेव हाती आलेल्या पुराव्याचे बारकाईने वाचन, एवढेच सादर करावे. असा निबंध बारा पानांचा न होता सहा पानांचा झाला तर तो मी स्वीकारतो. विभागातील इतर परीक्षकांनीही तो स्वीकारावा, यासाठी पृष्ठसंख्येची किमान अट मूल्यमापनातून काढावी, असा प्रस्ताव मी मांडू इच्छितो.