आमचा खांब उभा, मग लाइट कुठे अडली?

ताशी ६० किलोमीटरचा वारा आणि ताशी १२० किलोमीटरचा वारा. दुसरा पहिल्यापेक्षा किती जोराने ढकलेल? दुप्पट? नाही, चौपट! वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट वेगाने आदळते, शिवाय तेवढ्याच वेळात दुप्पट हवा येऊन आदळते. दोन गुणिले दोन.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या भागातल्या वाड्यांमध्ये माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, पत्रे कुठल्या कुठे गेले. चक्रीवादळात हवा गोल फिरते ना, म्हणून केंद्र गावावरून पुढे सरकलं की वारा उलट्या बाजूने येतो. आधीच्या वाऱ्याने मुळं सैल झालेल्या झाडाला हा दुसरा धक्का फार जड जातो.

आणि लाइट? ती तर गेलीच. काही गावांत कितीतरी आठवडे आली नाही.

वादळ नुकतंच सुरू होतं, तेव्हा लाइट जाते, येते, पुन्हा जाते. पाहिलंय का कधी? दोन खांबांमधल्या तारा वाऱ्याने झुलतात आणि एकमेकींना चिकटतात, किंवा एखादी फांदी तारांवर घासते. त्याबरोबर नको त्या वाटेने प्रचंड वीज धावू लागते. उपकेंद्रातलं ब्रेकर नावाचं यंत्र हे क्षणात ओळखतं आणि पुरवठा तोडतं. म्हणजे तेव्हा लाइट जाणं हे बिघाडाचं नाही, राखणदारीचं काम असतं! खूप मोठं वादळ येणार असेल, तर कधीकधी पुरवठा आधीच बंद ठेवतात, कारण तुटून पडलेल्या तारेत वीज असेल तर ती जीव घेते. म्हणून पडलेल्या तारेजवळ जायचंच नाही, ती कितीही निपचित दिसली तरी.

आता खरा प्रश्न. वादळ थांबलं, आपल्या दारातला खांब ताठ उभा आहे, तरी घरात अंधार का? कारण वीज झाडासारखी पसरते: खोड, फांद्या, मग डहाळ्या. उपकेंद्राकडे येणारी मोठी लाइन म्हणजे खोड, गावाकडे येणारी ११ हजार व्होल्टची लाइन ही फांदी, आणि डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबापासून, घरापर्यंतची तार म्हणजे डहाळी. खोड मोडलेलं असताना डहाळी धडधाकट असून काय उपयोग! दुरुस्ती त्याच क्रमाने करत यावं लागतं, तीही चिखलातून आणि आडव्या झाडांमधून.

हे काम करणाऱ्या वायरमनकाकांची एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. वरून वीज बंद असली, तरी तारेला हात लावण्याआधी ते ती जमिनीशी जोडून घेतात. का बरं? डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. तो ११ हजार व्होल्ट कमी करून घरात २३० देतो. पण कुणी घरातला जनरेटर चुकीचा जोडला, तर तेच २३० व्होल्ट उलटे वर जाऊन हजारो व्होल्ट होऊ शकतात. मेलेली वाटणारी लाइन अशी अचानक जिवंत झाली, तरी खांबावरचा माणूस वाचावा, म्हणून ती जोडणी.