लग्नाच्या गर्दीत न हलणारा कॅमेरा

वरात निघालेली. व्हिडिओवाला नवरदेवाकडे तोंड करून उलटा चालतोय. पायाखाली खड्डे, बाजूला बँडवाल्यांच्या वायरी, मधूनच कुणीतरी नाचता नाचता अंगावर येतंय. तरीही चित्र पाहावं तर होडी संथ पाण्यावरून सरकावी तसं. ही करामत कॅमेऱ्याखालच्या गिंबलची.

गिंबलला तीन मोटारी असतात. एक कॅमेऱ्याचं डावी-उजवीकडे वळणं सांभाळते, दुसरी वर-खाली झुकणं आणि तिसरी बाजूला कलणं. पण खरं नवल आतल्या चिपमध्ये आहे. तिथे सिलिकॉनचा अतिसूक्ष्म भाग सतत थरथरत असतो. हात जरा वळला की ती थरथर किंचित बाजूला ढळते. ज्या परिणामामुळे हे घडतं, त्याचं गणित फ्रान्सच्या गास्पार कोरिऑलिस यांनी 1835 साली मांडलं होतं. चिप हा ढळ मोजते आणि मोटार कॅमेऱ्याला तेवढंच उलट फिरवते. हे इतक्या झटपट होतं की डोळ्याला पत्ता लागत नाही.

चालत्या माणसाच्या अंगावरचा कॅमेरा स्थिर ठेवण्याची युक्ती अमेरिकेच्या गॅरेट ब्राउन यांनी 1970च्या दशकात काढली. त्यांच्या स्टेडिकॅममध्ये कॅमेरा सावरणाऱ्या मोटारी नव्हत्या. अंगावर बांधायचं जाकीट, स्प्रिंगचा हात आणि वजनांचा तोल, एवढ्यावर सगळं चाले. 1976च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’ या चित्रपटांत तो वापरला गेला आणि 1978 साली त्याला ऑस्कर मिळालं. मोटारींचा, हातात धरायचा ‘मोव्ही’ 2013 मध्ये आला तेव्हा त्याची किंमत सुमारे 15,000 डॉलर होती. डीजेआयचा आरएस 3 मिनी 2023 मध्ये 369 डॉलरला निघाला. दहा वर्षांत किंमत चाळिसाव्या हिश्शावर आली, म्हणून तर हे यंत्र आज तालुक्याच्या गावातल्या लग्नातही दिसतं.

स्वस्तातला गिंबल घेताना बहुतेकांची नजर पेलोडवर, म्हणजे तो किती वजन उचलतो यावर असते. जास्त उचलणारा तो चांगला, असा समज आहे. माझं मत उलट आहे. लग्नाच्या दिवशी आधी दमतं ते मनगट. सोनीचा ए7 फोर बॅटरीसह सुमारे 660 ग्रॅम, टॅमरॉनची नवी 28-75 लेन्स 540 ग्रॅम, झाले 1,200. आरएस 3 मिनी दोन किलोपर्यंत पेलतो आणि स्वतः किलोच्या आत आहे. म्हणजे हातात साधारण दोन किलो. डीजेआयचाच 2018चा रोनिन-एस गिंबल सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतो, पेलतोही 3.6 किलो, पण त्याचंच वजन पावणेदोन किलोच्या वर. हळदीपासून पाठवणीपर्यंत तो कोण धरणार?

तेव्हा आपला कॅमेरा बॅटरी, कार्ड, लेन्स आणि प्लेटसकट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावा आणि पेलोड त्याहून पाव हिश्शाने तरी जास्त आहे ना, ते पाहावं. लेन्सची लांबीही बघावी लागते. 28-75 झूम करताना पुढे सरकते आणि बॅलन्स बिघडतो. टॅमरॉनचीच 17-28 आहे तेवढीच राहते, वर हलकी. मोबाइलच्या गिंबलवर छोटा कॅमेरा चढवण्याचा मोह मात्र नको. ऑस्मो मोबाइल 6 पेलतो जेमतेम 290 ग्रॅम, आणि सोनीची छोटी झेडव्ही-ई10 लेन्सशिवायच 340च्या पुढे जाते.

सेकंडहँड घेताना गिंबल बंद ठेवून तिन्ही मोटारी हाताने फिरवाव्यात. कुठे अडकलं किंवा करकरलं तर नको. मग कॅमेरा चढवून, लेन्सचं झाकण काढून बॅलन्स करावा. लेन्सचं तोंड छताकडे करून हात सोडला तर ती तशीच राहिली पाहिजे. दांडा आडवा धरला तरी वरचा हात आपोआप फिरता कामा नये. हे न करता थेट बटण दाबलं तर मोटारी जोर लावत राहतात, तापतात आणि गुणगुणतात. ती गुणगुण कॅमेऱ्याचा माइक इमानेइतबारे टिपतो. बॅटरी मुठीतच बंदिस्त असेल तर ऐनवेळी बदलता येत नाही, म्हणून पॉवर बँक जवळ हवी.

एक गोष्ट कितीही पैसे टाकले तरी हा गिंबल करत नाही. तो कॅमेऱ्याचं वळणं-कलणं थांबवतो, पावलागणिक होणारं वर-खाली नाही. ते गुडघे किंचित वाकवून, आधी टाच मग चवडा टेकत चालूनच मोडावं लागतं.

शिवाय सगळं लग्न गिंबलवर घेऊ नये. रुखवत, वरात, सप्तपदी इथे तो शोभतो. मंगलाष्टकांच्या वेळी बोहल्याभोवती पाऊल टाकायला जागा नसते, अक्षता चारी बाजूंनी येतात आणि अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा घेता येत नाही. तिथे दुसरा कॅमेरा साध्या ट्रायपॉडवर उंच लावलेला बरा; त्या ट्रायपॉडचे पैसे गिंबलच्या बजेटमध्येच धरावेत.