वरकस म्हणजे वाया नव्हे

कर्जतची किंवा खोपोलीची शेवटची इमारत मागे पडली की भातखाचरे लागतात, आणि खाचरांच्या वर, डोंगराचे दाट रान सुरू होण्याआधी, उघडा गवताळ माळ असतो. कोकणात अशा हलक्या, भाताला न चालणाऱ्या जमिनीला वरकस म्हणतात. त्यातला उघडा कातळ सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ या सदरात जातो. कागदावर जमीन एकदा खराब ठरली, की ती सपाट करायला कुणाची हरकत उरत नाही. फार्महाऊसचे प्लॉट पाडताना पहिली नजर याच माळांवर जाते. डोंगरमाथ्याकडे निदान लक्ष तरी गेले आहे : माथेरान आणि भोवतालचा पट्टा २००३ साली पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. गावाच्या कडेचा साधा माळ मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही, आणि खरे तर राखीव ठेवण्याची सर्वांत जास्त निकड त्याचीच आहे.

हा माळ उजाड दिसतो, त्याला कारण आहे. काळ्या कातळावर वीतभरही माती नाही. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, मातीतले सत्त्व धुऊन नेतो आणि पुढचे आठ महिने तीच जमीन तापत पडते. मोठ्या झाडाला हे झेपत नाही. पण नेमक्या याच हालात तगणाऱ्या वनस्पतींचा एक वेगळा संसार असतो. कोकणातल्या अशा ओलसर कातळांवर सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती मातीत न मिळणारे नत्र चक्क किडे पकडून मिळवतात. पहिल्या पावसानंतर ठाकूर आणि कातकरी बायका बाजारात टाकळा, कुलू, कवळा घेऊन बसतात, त्यातली बरीच भाजी अशाच उघड्या जमिनीवरची. टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी घरटे झाडावर बांधत नाहीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना झाड लावून देणे म्हणजे त्यांचे घर काढून घेणे होय.

यावर पहिला आक्षेप असा की हा माळ निसर्गाने नव्हे, माणसाने केलेला आहे. ते बऱ्याच अंशी खरे आहे. नाचणी-वरीची फिरती शेती, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) तोडलेल्या फांद्या, गुरांची चराई आणि दसऱ्यानंतरची गवतकापणी यांनी तो उघडा राहिला. पण इंग्लंडमधली ‘हीथ’ नावाची झुडपी माळराने नेमकी अशीच, शतकानुशतकांच्या चराईतून आणि तोडीतून घडली. तिथेही ती निरुपयोगी मानली गेली, १८०० नंतर त्यांचे पाचांतले चार हिस्से नष्ट झाले, आणि आता उरलेली कायद्याने जपली जातात. माणसाचा हात लागला म्हणून निसर्गाची किंमत कमी होत नाही. उलट तो हात अचानक काढून घेतला तर माळ झुडपांनी भरून जातो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इर्शाळवाडीवर २०२३ च्या जुलैत कोसळलेली दरड आठवून कुणी म्हणेल, उतारांवर झाडेच हवीत. उभ्या कड्यांखाली मूळचे रान हवेच, त्यात वाद नाही. पण मंद उताराच्या माळावरची पातळ माती गवताच्या मुळांनी आधीच घट्ट धरलेली असते. तिथे दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे खड्डे खणले तर तीच सुटते. वणव्यांची तक्रारही खरी आहे. उन्हाळ्यात लावलेली आग जमिनीवरची घरटी जाळते. त्यावर उपाय म्हणजे वेळेवर कापणी आणि जाळरेषा.

उरतो प्रश्न गावाच्या वाढीचा आणि मालकाच्या हक्काचा. लंडनच्या नैर्ऋत्येला, घरांची मागणी अफाट असतानाही, २००५ साली टेम्स खोऱ्यातल्या हीथना पक्ष्यांसाठी संरक्षण मिळाले. त्यांच्या हद्दीपासून ४०० मीटरच्या आत नवी घरे उठत नाहीत. ज्यांच्यासाठी हे केले त्यांत तिथला रातवाही आहे. आपल्याकडेही बारामतीजवळ सुप्याला १९९७ पासून मयुरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, आणि ते माळाचेच. कर्जत-खोपोलीकडे मात्र कुंपण घालून चालणार नाही. इथल्याच उतारांत ठाकूर-कातकऱ्यांच्या दळी जमिनी, म्हणजे जंगलात कसायला मिळालेले तुकडे, आहेत, त्यांवर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे आहेत. राखीव क्षेत्र म्हणून त्यांनाच बाहेर काढणे अन्यायाचे होईल. ग्रामसभेने माळ राखावा, बी झडून गेल्यावरच कापणी व्हावी, आणि मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवताला रास्त भाव बांधून मिळावा. वरकस विकणारा शेतकरी निसर्गाचा वैरी नसतो. त्याच्या गवताला कापणीच्या मजुरीइतकेही पैसे येत नाहीत, आणि दलाल मात्र गुंठ्याचा भाव घेऊन दारात उभा असतो.