भीड आणि चौथी सीट

मुंबईच्या लोकलमध्ये दुसऱ्या वर्गाचं बाकडं तिघांसाठी असतं, असं रेल्वेला वाटतं. प्रवाशांच्या हिशेबात ते चौघांचं आहे. चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो किंवा नुसताच हात हलवतो, आणि आधीचे तिघे अंग चोरून बसतात. त्याच्या वाट्याला वीतभर जागा येते. अर्धा तो बाकावर, अर्धा वाटेत. आभार कोणी मानत नाही, त्याची अपेक्षाही कोणी करत नाही. ही ‘चौथी सीट’ कुठल्या नियमात बसत नाही, तरी रोज लाखो अनोळखी माणसं ती एकमेकांना देतात.

थोड्याफार फरकाने हाच व्यवहार न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रयोग म्हणून तपासला गेला, त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. तपासणारे होते स्टॅन्ली मिलग्रॅम. माणसं हुकूम मिळाला की दुसऱ्याला विजेचे झटके द्यायलाही कशी तयार होतात, हे दाखवून त्यांनी जगाची झोप उडवली होती. हा प्रयोग मात्र त्यांना सासूबाईंनी सुचवला. आजकाल गाडीत म्हातारीला कोणी जागा देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जावयाने विचारलं, ‘तुम्ही मागितलीत का?’ नव्हती मागितली.

मिलग्रॅम यांनी विद्यार्थ्यांना काम दिलं : बसलेल्या अनोळखी प्रवाशासमोर उभं राहायचं आणि ‘माफ करा, मला तुमची जागा देता का?’ एवढंच विचारायचं. आजारपण, थकवा, कसलंही कारण सांगायचं नाही. वर्गात हशा पिकला. अखेर एक धाडसी विद्यार्थी तयार झाला. त्याने वीस जणांना विचारायचं ठरलं होतं, पण चौदांवरच तो थांबला. लोक नाही म्हणाले म्हणून नव्हे. त्यातले निम्मे तर चक्क उठले होते. त्याला स्वतःलाच पुढे विचारवेना.

पुढे प्रयोग रीतसर झाला. कारण न देता जागा मागितली तेव्हा ५६ टक्के प्रवासी उठले आणि आणखी १२ टक्के सरकले. हे सरकणारे वाचताना मला हसू आलं; न्यूयॉर्कनेही चौथी सीट दिली म्हणायची! याहून गमतीची गोष्ट म्हणजे, ‘उभ्याने पुस्तक वाचता येत नाही’ असं फुटकळ कारण दिलं तेव्हा जागा मिळण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. आणि जागा मागितली जाणार आहे याची कुणकुण प्रवाशाला आधीच लागू दिली, तेव्हा ते ३७ टक्क्यांच्या आसपास उरलं.

म्हणजे हा चांगुलपणा म्हणायचा की गडबडून गेलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला सुचलं नाही एवढंच? मिलग्रॅम यांचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे, भीड. ‘भीड भिकेची बहीण’ ही आपली म्हण नाही म्हणता न येणाऱ्याला उद्देशून आहे. त्या डब्यात मात्र भीड दोन्ही बाजूंना होती, आणि मागणाऱ्याची भीड जास्त जड होती. मिलग्रॅम स्वतः जागा मागायला गेले तेव्हा शब्द त्यांच्या घशात अडकले. कसंबसं विचारलं, जागा मिळाली, आणि बसल्यावर ते मान खाली घालून आजाऱ्यासारखे दिसू लागले. नाटक नव्हे, खरोखरच आता जीव जातो की काय असं वाटत होतं. फुकट मिळालेली जागा आपल्याला शोभावी म्हणून शरीराने परस्पर केलेली ती सोय होती.

या दुहेरी भिडेचं माप २००८ मध्ये फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक या संशोधकांनी काढलं. अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायला किती जणांना विचारावं लागेल? विद्यार्थ्यांचा अंदाज होता साधारण वीस. प्रत्यक्षात दहा जणांतच काम झालं. मागणारा समोरच्याचा वेळ आणि त्रास मोजत बसतो. समोरच्याच्या मनात वेगळंच चाललेलं असतं : याला तोंडावर नाही कसं म्हणू? आपल्या अंदाजातल्या जगापेक्षा खरं जग दुपटीने देणारं निघालं, आणि निदान काही अंशी ते भिडेपोटी.

एवढ्यावर थांबलं तर परोपकाराचं पितळ उघडं पडल्यासारखं वाटेल. पण जिथे तोंडावर नाही म्हणायचा प्रसंगच येत नाही, तिथे काय होतं?

‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेला प्रयोग त्यासाठी पाहावा लागतो. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटं ‘हरवली’ गेली. भारतही त्या चाळिसांत होता. संशोधकांचा माणूस हॉटेल, बँक, टपाल कचेरी अशा ठिकाणी जायचा, ‘हे रस्त्यात सापडलं, मी घाईत आहे’ म्हणून पाकीट काउंटरवर ठेवायचा आणि निघून जायचा. पाकीट पारदर्शक. आत मालकाची ईमेल असलेली कार्डं, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काही पाकिटांत सुमारे साडेतेरा डॉलरच्या मोलाचे स्थानिक पैसे, काहींत दमडी नाही. ठेवून घेतलं असतं तरी जाब विचारणारं कोणी नव्हतं.

बिनपैशांच्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांबाबत मालकाला निरोप गेला. पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांबाबत. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम सातपट केली, तर प्रमाण ७२ टक्क्यांपर्यंत चढलं. पैसे जितके जास्त तितका मोह जास्त, असा सामान्य माणसांचा होरा होता. अर्थशास्त्राच्या जाणकारांचाही अंदाज चुकला.

या सगळ्यात माझी आवडती वस्तू म्हणजे ती किल्ली. सापडलेल्याला तिचा काडीचा उपयोग नाही, हरवलेल्याचा मात्र दाराशी खोळंबा. किल्ली काढून घेतलेली पाकिटं ठेवून पाहिली, तर निरोप जाण्याचं प्रमाण घसरलं. चोर ठरू नये ही धडपड आहेच, पण कुठल्याशा अनोळखी माणसाची अडचण डोळ्यांपुढे उभी राहते, हेही खरं. तोंड न उघडता ‘जरा सरका’ म्हणण्याचं काम किल्लीने केलं.

मग अपघात झाला की माणसं नुसती बघत का राहतात? १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने या संशोधकांनी इंटरकॉमवर एका तरुणाला फेफरं आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के वेळेत धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. हीदेखील एक भीड. आपण पुढे झालो आणि काहीच घडलेलं नसलं तर? पण तो प्रयोग बंद खोल्यांतला, जिथे कोणी कोणाला दिसत नव्हतं. अलीकडे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक बघ्या मध्ये पडलेला होता, आणि गर्दी जास्त तशी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त.

आपल्याकडच्या रस्त्यावर भिडेपेक्षा भीती मोठी होती. जखमीला उचललं तर पोलीस, साक्ष, कोर्टाच्या तारखा असं लचांड मागे लागेल, हे ऐकतच आपण वाढलो. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी किंवा फौजदारी ठपका येत नाही.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याहून निघालेल्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. मुलुंडला भिजलेली छत्री आणि दोन पिशव्या सांभाळत एक आजी चढल्या आणि आमच्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. मागेनात. आम्ही तिघीही मोबाईलमध्ये. मी त्यांना पाहिलं होतं, तरी मीच आधी सरकायचं हे काही सुचलं नाही. भांडुप गेलं. मग समोरच्या बाकावरची कोळीण पाटी सावरत म्हणाली, ‘अगं पोरींनो, आजीला चौथी द्या की!’

आम्ही तिघी एकदम सरकलो.