बिनपंख्याचा, बिनआवाजाचा संगणक



बचत गटाची वही आपण बैठकीत सगळ्यांसमोर उघडतो. पण तोच हिशेब संगणकावर घ्यायचा म्हटलं, की तालुक्याच्या दुकानात जावं लागतं. कुणी किती कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता थकला, हे मग परक्याच्या पडद्यावर दिसतं. गटाची माहिती गटाकडेच राहावी, म्हणून छोटा संगणक घरीच कसा जोडायचा, ते आज सांगते.

नेहमीच्या संगणकात गरम हवा बाहेर टाकायला पंखा असतो. तो हवेबरोबर धूळही आत ओढतो. धूळ साचली की पंखा घरघरतो, अडतो, आणि संगणक तापू लागतो. ज्यात पंखाच नाही, त्यात अडायला काही नाही.

यासाठी रास्पबेरी पाय ४ हा संगणक बरा. २०१९ साली तो बाजारात आला. त्याची पाटी एटीएम कार्डाएवढी आहे आणि वीज साधारण ३ ते ७ वॅटच लागते. त्याच्यानंतरचा पाय ५ जास्त तापतो, जड कामाला त्याला पंखा लागतो.

पाटीवर मधोमध एक चौकोनी चिप असते. सगळ्यात जास्त तापते ती हीच. तिची उष्णता बाहेर न्यायची, एवढंच आपलं काम. जर्मनच्या पातेल्याचा कान लगेच तापतो, लाकडी दांडा तापत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून प्लास्टिकचा नाही, अॅल्युमिनियमचा डबा घ्यायचा. तो डबाच उष्णता हवेत सोडतो.

चिप आणि डबा यांच्यामध्ये थर्मल पॅड नावाची मऊ पट्टी लावायची. भाकरी तव्याला टेकली नाही तर तिथं कच्ची राहते ना, तसंच इथं. मध्ये फट राहिली तर उष्णता पुढे जात नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंचं पातळ प्लास्टिक आठवणीनं सोला. पाटी कडेनं धरा. डब्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

मग मेमरी कार्डावर रास्पबेरी पाय ओएस घाला. ही प्रणाली फुकट मिळते. कीबोर्ड, माउस आणि टीव्ही जोडा. टीव्हीसाठी मायक्रो एचडीएमआयची वायर लागते. चार्जर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा घ्या. मोबाइलचा साधा चार्जर कमी पडतो.

डबा हाताला गरम लागेल. घाबरू नका, उष्णता बाहेर येतेय याचीच ती खूण. चिप ८० अंशांवर गेली, तर संगणक स्वतःच कामाचा वेग कमी करतो. म्हणून डब्यावर रुमाल घालू नका, त्याला कपाटात कोंडू नका, उन्हात ठेवू नका.

दोन गोष्टी सांभाळा. एक, पडद्यावरून बंद केल्याशिवाय वायर काढू नका. अचानक वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते, म्हणून दर बैठकीनंतर हिशेब पेनड्राइव्हवर उतरवा. दुसरी, यात घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट नसेल तर नोंदीआधी तारीख तपासा. हप्त्याची तारीख चुकली की भांडण ठरलेलं!

आणि वही बंद करू नका. दर महिन्याला दोन्हीकडची बेरीज सगळ्यांसमोर जुळवून घ्या.