परमुलखात शिकवायला जाताना

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याहून पुण्याला येणाऱ्या लोकलमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बी. ए. होऊन तिला वर्ष झाले होते. मळवली मागे पडली तसे तिने एक छापील पत्रक माझ्या हाती ठेवले. परदेशात तीन महिने राहून अंध आणि कर्णबधिर मुलांना शिकवायचे. पगार नाही, उलट राहण्याजेवण्याची फी जाणाऱ्यानेच भरायची. "सर, जाऊ का? घरच्यांनी तुमच्यावर सोडलंय," ती म्हणाली. तळेगाव येईपर्यंत मी ते पत्रकच उलटेपालटे करीत बसलो. तिला तिथेच उतरायचे होते, ती उतरली. उत्तर राहिले, ते आज देतो. मावळातून असा विचार करणारी ती काही एकटीच नसेल.

परमुलखात जाऊन अशा मुलांना शिकवणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त आपल्याकडे ती उलट्या दिशेने आली. १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. मिशनचा हेतू धर्माचा होता, तो लपवण्याचे कारण नाही. पण मराठी मुलखात मराठी आल्याशिवाय त्यांचेही पान हलत नसे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कारण खरी गोम भाषेतच आहे. लुई ब्रेलने १८२९ साली सहा ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. ठिपके जगभर सहाच. पण आपल्या देशात निरनिराळ्या लोकांनी त्यांची निरनिराळी मांडणी बसवली, आणि एकीकडचे पुस्तक दुसरीकडे वाचता येईना. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. युनेस्कोतर्फे या कामात न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेन्झी होते. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचीच दृष्टी गेली होती. आता आपला 'क' आणि इंग्रजीतला 'के' यांचे ठिपके एकच आहेत. म्हणून इंग्रजी ब्रेल येणाऱ्याला मराठी वाचता येईल, असे मात्र नाही बरं का! 'किल्ला' लिहिताना आपण डोळस माणसे वेलांटी आधी काढतो. ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ', जसे तोंडाने म्हणतो तसे. म्हणजे आपल्यालासुद्धा आपली मराठी पुन्हा गिरवावी लागते. मग परक्या भाषेची काय कथा!

कर्णबधिरांच्या खुणा तरी जगभर सारख्या असतील, असे पुष्कळांना वाटते. तेही खरे नाही. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजीच. पण इंग्लंडात अक्षरे दोन्ही हातांनी दाखवतात, अमेरिकेत एकाच हाताने. याचे कारण एक शिक्षक. लॉरां क्लेर हा पॅरिसचा, स्वतः बहिरा. १८१६ साली तो थॉमस गॅलॉडेट या अमेरिकन गृहस्थाबरोबर जहाजाने निघाला. वाटेत गॅलॉडेटने त्याला इंग्रजी शिकवले, त्याने गॅलॉडेटला खुणा शिकवल्या. १८१७ साली हार्टफर्डला शाळा सुरू झाली, आणि फ्रेंच खुणांत तिथल्या मुलांच्या खुणा मिसळून नवी भाषा तयार झाली. तीन वर्षांच्या बोलीवर गेलेला क्लेर तिथेच राहिला आणि १८६९ साली तिथेच वारला.

तीन वर्षांची बोली कुठे आणि तीन महिने कुठे! मी पाहिलेले एक सांगतो. शाळेचे नाव नको. एक परदेशी तरुण महिनाभर शिकवायला आला होता. मोठा उमदा मुलगा. आठ वर्षांचा एक अंध पोरगा त्याला चपलेच्या आवाजावरून ओळखी. तरुण गेला, आणि पोरगा रोज चहाच्या वेळी व्हरांड्यात येऊन उभा राहू लागला. सर गेले, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्या स्वयंसेवकाने त्याला पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केले.

म्हणून माझे म्हणणे असे: पत्रक पाठवणाऱ्यांना आधी विचारावे, तुमच्या वर्गावर तिथला कायमचा शिक्षक आहे का? माझ्या आधी कोण होते, माझ्यानंतर कोण येणार? भाषा कोण शिकवणार, किती दिवस? फीमधले शाळेला काय पोचते? मुलांमध्ये वावरणाऱ्याकडून पोलिसांचा दाखला मागत नसतील, तर संशय घ्यावा. व्हिसाचेही पाहावे, पुष्कळ देशांत पर्यटकाच्या व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. जे काम वडगावच्या वर्गात आपल्याला शिक्षणावाचून कोणी करू देणार नाही, ते परक्यांच्या मुलांवर करायला मोकळीक कशी, हा प्रश्न स्वतःलाच विचारलेला बरा. रीतसर शिक्षण घेऊन, वर्ष-दोन वर्षांसाठी जाणाऱ्याला मी कधीच अडवणार नाही.

हे सारे मी तिला पत्राने कळवले, आणि खाली लिहिले की खंडाळ्याला वृद्ध अंधांचे गृह आहे, आधी तिथे विचारून ये. तिथे शिकवायचे काही नाही. वर्तमानपत्र वाचून दाखव, सोबत चाल.

ती गेली. पहिल्याच दिवशी पायरीपाशी तिने एका आजोबांचा दंड धरला आणि त्यांना पुढे घातले. ते जागीच थांबले. म्हणाले, "पोरी, ढकलू नकोस. तू पुढं हो, मी तुझा कोपर धरतो. तू पायरी चढलीस की तो वर जातो, मला कळतं." तिने हे मला त्याच रात्री फोनवर सांगितले. आता दर रविवारी ती लोणावळ्याची लोकल धरते. पत्रक अजून माझ्याच टेबलावर आहे.