व्हायोलिन आणि माईकचा कान

आपला कान मोठा धूर्त आहे. मैफलीत शेजारचा खोकला, वर पंखा घरघरला, तरी तो हवे तेवढेच ऐकतो. माईकला ही कला साधत नाही. जे समोर येईल ते सारे तो इमानेइतबारे टिपतो. म्हणून माईक केवढ्याचा, यापेक्षा तो ठेवला कोठे, हा प्रश्न मोठा.

माईक मुख्यतः तीन जातींचे. सभामंडपात दिसतो तो डायनॅमिक. त्याच्या पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते. त्या वजनामुळे बारीक, तीव्र स्वर त्याच्या हातून थोडे निसटतात. कंडेन्सरचा पडदा अतिशय हलका. तो गजाच्या राळेची खरखरही सोडत नाही. स्टुडिओतल्या कंडेन्सरला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तिसरा रिबन, त्यात धातूची पातळ पट्टी असते. व्हायोलिनच्या वरच्या स्वरांची धार तो सौम्य करतो, पण जोराच्या फुंकरीनेही बिघडू शकतो.

आता जागा. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनची सर्वांत जाड तार सेकंदाला १९६ कंपने करते. असे खालचे स्वर चहूकडे पसरतात. वरचे स्वर मात्र बॅटरीच्या झोतासारखे मुख्यतः वरच्या फळीच्या समोर जातात. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन खांद्यावर धरतो, फळी आकाशाकडे. म्हणून माईक उंचावर टांगतात. आपल्याकडे व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम् यांच्यासारखे कलावंत मांडी घालून वाजवताना आपण पाहतो. वाद्याचे टोक उजव्या पायाशी टेकलेले, फळी श्रोत्यांकडे. तेव्हा माईक समोरून, किंचित वरून, फळीकडे रोखलेला बरा.

अंतराचाही हिशेब आहे. अंतर दुप्पट केले की वाद्याचा थेट आवाज निम्म्याने उतरतो. खोलीत घुमणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. खोली चांगली असेल तर चार-पाच फूट मागे जावे, स्वराला मोकळी हवा मिळते. खोली वाईट असेल तर दोन फुटांवर यावे. त्याहून जवळ गेल्यास स्वराआधी गज ऐकू येतो.

हे सारे मी हौसेने शिकलो, पण निकड वेगळीच आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. आमच्या गल्लीत एक काका राहतात. उमेदीची वर्षे त्यांनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवले. आता हात थरथरू लागला आहे, आणि त्यांच्या वादनाची एकही फीत कोणाजवळ नाही. येत्या सुट्टीत ती करावयाची आहे. साधन एकच, मोबाईल. त्यातला माईकही चिमुकला कंडेन्सरच, पण तो चारी बाजूंचे ऐकतो. म्हणून पत्र्याच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा, आणि फोन स्टुलावर उंच, फळीसमोर दोन फुटांवर ठेवायचा.

मित्रहो, तुमच्याही गावात असे कोणी असतील. मुद्रणापूर्वी एक कान बोटाने बंद करून वादकाभोवती हळूहळू फिरा. जेथे स्वर भरदार लागेल, तेथेच माईक ठेवा. एवढ्यासाठी पैसा लागत नाही. वेळ मात्र हाताशी आहे तोवरच काढायला हवा.